संगीत नाटकाच्या चाचणीला निघालेल्या मुलाची फाईल

'संगीत नाटकासाठी आठ ते बारा वयाची गाणारी मुले हवी आहेत, अमुक तारखेला निवडचाचणी, येताना कागदपत्रे आणावीत,' असा निरोप हल्ली अधूनमधून मोबाईलवर येतो. कधी तो आपल्याच गावच्या एखाद्या हौशी संस्थेचा असतो, तर कधी कोल्हापूर-सांगलीकडचा. त्यातला 'कागदपत्रे' हा एकच शब्द घरातल्या मोठ्या माणसांना पुरता गोंधळात टाकतो. कसली कागदपत्रे? आधार कार्ड? शाळेचा दाखला? गाण्याच्या परीक्षांची प्रमाणपत्रे? शेवटी हाताला लागेल ते एका पिशवीत कोंबून मंडळी निघतात.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. गाण्यातले मला बेताचेच कळते, पण व्हाउचर, खतावणी आणि फाईल यांच्याशी आमचा रोजचा संबंध. माझ्या नऊ वर्षांच्या मावसबहिणीला अशा एका चाचणीला न्यायचे ठरले, तेव्हा फाईल लावण्याचे काम आपोआपच माझ्याकडे आले. त्यानिमित्ताने पेटीवाले, गाण्याच्या बाई, नाटकात काम केलेली दोनतीन माणसे आणि एक वकील यांना विचारून जे काही गोळा झाले, ते येथे मांडते आहे. पुढेमागे कुणाच्या भाच्या-पुतण्याला उपयोगी पडेल.

नाटक कंपन्यांच्या काळात फाईलबिईल काही लागत नसे. ज्यांच्या 'शाकुंतला'ने १८८० साली पुण्यात मराठी संगीत नाटकाची घडी बसवली ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्यानंतर पन्नासएक वर्षे मराठी-कन्नड मुलखात कंपन्यांचे पीक आले आणि त्या सर्वांना गाणारी मुले हवी असत. सौदागर गोरे दहा वर्षांचे असतानाच्या सुमारास 'बालमोहन' मंडळीत गेले आणि पुढे छोटा गंधर्व म्हणून गाजले. मल्लिकार्जुन मन्सूर नवव्या वर्षी थोरल्या भावाच्या कंपनीत लहानसे काम करू लागले. गुब्बी वीरण्णांच्या कंपनीत राजकुमार आणि ब. व. कारंत यांनी लहानपणी काम केले, हे आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना मी सांगायला नकोच.

त्या काळी मुलगा कंपनीतच राही, कंपनीतच जेवी. त्याचा आवाज कुठवर चढतो, ताल कुठे निसटतो, रात्री घरच्या आठवणीने रडतो का, हे सारे दोनचार मुक्कामांत मालकाला आणि गवयाला आपोआप कळे. आता संस्थेकडे असते एक दुपार. दारात पन्नास-साठ मुले, आणि एकेकाच्या वाट्याला फार तर तीन-चार मिनिटे. कंपनीला जे सहा महिन्यांत कळे ते चार मिनिटांत कळवायचे आहे. मुलाने फक्त गावे आणि बोलावे; बाकीचे सगळे कागदाने सांगावे. फाईल लागते ती एवढ्यासाठी. ज्या कागदाने मुलावरचे ओझे कमी होत नाही तो तिच्यात नसला तरी चालतो.

चाचणीच्या खोलीत ही फाईल कोण वाचतो? एक, टेबलापलीकडे बसलेले दिग्दर्शक, संगीत सांभाळणारे आणि नावे लिहून घेणारा एक कार्यकर्ता. दुसरे, पेटी आणि तबल्यावर बसलेले साथीदार. हे दोन वाचक अगदी वेगळे. बहुतेक पालक पहिल्या वाचकासाठी भरपूर कागद नेतात आणि दुसऱ्यासाठी एकही नेत नाहीत. वास्तविक मुलाचे तारू तारणारा किंवा बुडवणारा हा दुसरा वाचक आहे. त्याने त्या मुलाला कधी पाहिलेले नसते, त्याच्याबरोबर कधी वाजवलेले नसते, आणि सकाळपासून चाळीस मुलांना साथ करून त्याची बोटे आंबलेली असतात.

रांगेत आमच्या पुढे एक मुलगा होता. पेटीवाल्या काकांनी त्याला विचारले, "कुठल्या पट्टीत गातोस रे बाळ?"

तो म्हणाला, "मम्मीच्या मोबाईलात जेवढं हाय तेवढ्यात."

सगळे हसले, पोरगे बिचारे ओशाळले, आणि मग काकांनी अंदाजाने धरलेल्या पट्टीत त्याचा आवाज अंतऱ्याला फाटला. आवाज चांगला होता, हे खोलीबाहेर आम्हांला ऐकू येत होते. एका ओळीचा कागद असता तर तो वाचला असता.

म्हणून गाण्याच्या पानाबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

या पानावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरात, पट्टी. आवाज फुटण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी यांच्या पट्टीत फारसा फरक नसतो. बहुतेकांची पट्टी काळी तीन ते काळी पाच यांच्या दरम्यान कुठेतरी बसते. पण 'कुठेतरी' हा शब्द पेटीवाल्याच्या उपयोगाचा नाही. नेमकी पट्टी ठरवायची ती गाण्यावरून. त्या पदात सर्वांत खालचा स्वर कोणता आणि सर्वांत वरचा कोणता, हे गाण्याच्या बाईंकडून समजून घ्यावे. समजा, पद मंद्र पंचमापर्यंत उतरते आणि तार मध्यमापर्यंत चढते. वरच्या स्वराला मुलाच्या मानेच्या शिरा ताणल्या जात असतील तर पट्टी एका स्वराने उतरवावी. खालच्या स्वराला नुसती हवा निघत असेल तर एका स्वराने चढवावी. काळी चार जड आणि काळी पाच हलकी वाटत असेल तर मधली पांढरी सहा आहेच, तिला विसरू नये. पेटीवाले काकांनी आणखी एक युक्ती सांगितली. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यातही एकदा सकाळी आणि एकदा शाळेतून दमून आल्यावर गाऊन पाहावे, आणि त्यातली जी खालची पट्टी येईल तीच लिहावी. चाचणीच्या दिवशी मूल प्रवासाने दमलेलेच असणार.

माझ्या मावशीच्या घरी पेटी नाही. काका वडगावात यंत्रमागावर काम करतात, पेटी घेण्याची ऐपत नाही. आम्ही गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी संध्याकाळी तासभर मागून घेतली. ते लोक आनंदाने देतात. पण एक सावधगिरी ठेवावी. भजनाची पट्टी नेहमी चढी असते, आणि मंडळातले बुवा उत्साहाने मुलालाही तीच लावून देतात. जुन्या पेटीचे स्वरही हललेले असू शकतात. त्यामुळे शेवटी मोबाईलवरच्या तंबोऱ्याशी ताडून पाहावे. तंबोऱ्याचे ॲप फुकट मिळते. मात्र तयार वाद्यमेळावर, म्हणजे ज्याला कराओके म्हणतात त्यावर, तयारी करू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्याची पट्टी मूळ गायकाची असते आणि लय ठोकळ्यासारखी असते. नाटकातले पद म्हणजे साथीदार आणि गाणारा यांचे बोलणे. ज्या मुलाला कधी कुणी थांबून साथ दिलेली नाही, ते प्रत्यक्ष तबल्यापुढे बावरते.

पट्टीखाली ताल आणि गाणे कोठून उठते ते. नुसते 'त्रिताल' लिहिणे पुरेसे नाही. समेवरून सुरू होते की नवव्या मात्रेपासून? तबलजीला हा एक आकडा मिळाला की तो मुलाला सम दाखवूनच उचलतो. दादरा सहा मात्रांचा, केरवा आठांचा, झपताल दहांचा, त्रिताल सोळांचा, एवढे तरी फाईल करणाऱ्या माणसाने पाठ करावे, मी केले. लय लिहिण्याची सोपी रीत म्हणजे एका आवर्तनाला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजणे. त्रितालाचे एक आवर्तन आठ सेकंदांत होत असेल तर मिनिटाला एकशेवीस मात्रा झाल्या. 'जरा जलद' किंवा 'मध्यम' या शब्दांचा अर्थ प्रत्येक तबलजीच्या घरी वेगळा असतो, आठ सेकंदांचा मात्र सगळीकडे एकच.

त्यानंतर बोल आणि त्यांच्याखाली स्वरलेखन, आणि कुठे थांबायचे याची ठळक खूण. पूर्ण पद कोणी ऐकून घेत नाही. ध्रुवपद, एक अंतरा आणि परत ध्रुवपदाची पहिली ओळ, एवढे मिनिट-सव्वा मिनिटात बसवावे. नको असलेला अंतरा कागदावरून खोडू नये, तो मुळी लिहूच नये. खोडलेल्या ओळीवर नजर जाते आणि पेटी तिथे जाऊन पोचते. न्यूयॉर्ककडच्या संगीत नाटकांच्या चाचणीत 'सोळा बार' गा असे सांगण्याची पद्धत आहे. चार मात्रांचे सोळा बार म्हणजे चौसष्ट मात्रा. मिनिटाला एकशेवीसच्या लयीत ते अर्ध्या मिनिटात संपतात. तिकडची मुले आपल्या स्वरलिपीची वही घेऊन जातात आणि कापलेल्या जागा पियानोवाल्याला आधीच दाखवतात. आपल्याकडे मिनिटभर मिळते हे त्या मानाने राजेशाहीच म्हणायची.

गाणी दोन असावीत, एकमेकांपासून लांबची. एक नाट्यपद, ज्यात एखादी छोटी तान किंवा हरकत आहे. दुसरे साधे बालगीत किंवा भावगीत, ज्यात शब्द कसे उच्चारतो ते दिसेल. दोन्ही नाट्यपदे नेली तर मूल पाठ करून आले आहे एवढेच कळते. आणि नाट्यपद निवडताना मोठ्या गायकाच्या ध्वनिमुद्रिकेतल्या सगळ्या ताना मुलाच्या गळ्यात कोंबायचा मोह टाळावा. नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडी विरहिणीचे पद चांगले दिसत नाही, असे गाण्याच्या बाई म्हणाल्या, आणि ते मला पटले.

आता खास आपल्या भागातली एक अडचण. माझी बहीण कन्नड माध्यमात शिकते. घरी मराठी बोलते, पण वाचते कन्नड लिपी. देवनागरी अक्षर लावून वाचायला तिला वेळ लागतो. तिच्यासाठी गाण्याचे आणि संवादाचे पान मी कन्नड लिपीत लिहिले. दोन्ही लिपी येतात म्हणजे काम सोपे आहे असे मला वाटले होते, पण त्यात दोन खाचखळगे निघाले. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ अशी वेगळी अक्षरे आहेत. मराठीत हा भेदच नाही. तेव्हा मराठी शब्दाला सगळीकडे दीर्घच वापरावे, नाहीतर मूल 'येते'मधला ए आखूड करून टाकते. दुसरा खळगा अधिक खोल आहे. मराठीत 'घर', 'मन', 'फूल' यांचे शेवटचे अक्षर आपण बोलताना अर्धेच उच्चारतो. कन्नड वाचणारे मूल तेच अक्षर पूर्ण उच्चारणार, कारण त्याच्या लिपीचा तोच नियम. संवादाच्या पानावर अशा प्रत्येक अक्षराला अर्ध्या अक्षराची खूण द्यावी लागली. पण गाण्यात पुन्हा उलटे! पद वृत्तात बांधलेले असले तर 'मन'मधला शेवटचा न पुष्कळदा पूर्ण म्हणावाच लागतो, कारण तिथे मात्रा भरायची असते. हा निर्णय लिहिणाऱ्याने करू नये. गाण्याच्या बाईंकडून एकेक ओळ गाऊन घ्यावी आणि त्याप्रमाणे लिहावे. आमचे एक पान लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. साथीदारांसाठी तेच पान देवनागरीत वेगळे, हे सांगायला नकोच.

संवादाचे पान त्यामानाने सोपे. अर्ध्या पानाचा उतारा पुरतो. जुन्या नाटकांत मुलांच्या भूमिका मोजक्याच. शाकुंतलातला सर्वदमन, मृच्छकटिकातला मातीच्या गाडीवर रुसणारा रोहसेन, या लगेच आठवतात. १९५९ साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' काढल्यानंतर बालनाट्याची वाट रुंद झाली आणि मुलांना तोंडभर बोलायला मिळू लागले. उतारा असा घ्यावा की ज्यात मूल कुणाकडून तरी काहीतरी मागते आहे: परवानगी, खाऊ, क्षमा, काहीही. नुसते वर्णन करणारा उतारा घेतला की तो शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखा होतो आणि हात आपोआप वरखाली होऊ लागतात. समोरच्या पात्राची वाक्ये लिहावीत, पण फिक्या अक्षरात. आणि मुलाला उताऱ्याची सवय इतकीही लावू नये की दिग्दर्शकाने 'आता हेच रागावून म्हण' म्हटल्यावर ते थिजून जाईल.

माहितीपत्रक एकच पान. नाव, चाचणीच्या दिवशी पूर्ण झालेले वय, उंची, येणाऱ्या भाषा, गाणे कोणाकडे किती वर्षे, याआधी रंगमंचावर काय केले. उंची कशाला, असे मावशीने विचारले. नाटकात भाऊ-बहीण किंवा मैत्रिणी शोधायच्या असतात, कपडे शिवायचे असतात, म्हणून उंचीला गाण्याइतकेच महत्त्व येते. आणि आपली निवड झाली नाही तर त्याचे कारण कित्येकदा तेवढेच असते. फोटो साधा, चेहरा दिसणारा, या सहा महिन्यांतला. लग्नातला, मेकअप केलेला फोटो नको. मुलाच्या शाळेचे नाव आणि घराचा पूर्ण पत्ता या पानावर घालू नये. हे पान किती हातांत जाईल ते आपल्याला कळत नाही. आईचा किंवा वडिलांचा फोन नंबर पुरे.

याआधी काही केलेले नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. गल्लीतल्या गणपतीपुढचे गाणे 'राज्यस्तरीय' करू नये. प्रमाणपत्रांचे म्हणाल तर आपल्याकडे लॅमिनेशनचे वेड फार आहे. रंगभरण स्पर्धेपासून स्वच्छता अभियानापर्यंत सगळे प्लास्टिकमध्ये चकचकीत करून ठेवलेले असते. टेबलापलीकडचा माणूस ते चाळतो, मान हलवतो आणि परत देतो. तेवढा वेळ मुलाच्या चार मिनिटांतून जातो. गाण्याच्या परीक्षेचे शेवटचे एक प्रमाणपत्र ठेवावे, बाकी सगळे घरी.

मुख्य कागदपत्रांतही आपल्या भागाची एक गंमत आहे. जन्माचा दाखला कन्नडमध्ये, आधार कार्डावर कन्नड आणि इंग्रजी, शाळेचे ओळखपत्र इंग्रजीत. पलीकडच्या संस्थेतल्या कार्यकर्त्याला कन्नड दाखला वाचता येत नाही, आणि तिन्हींवर आडनावाचे स्पेलिंग तीन तऱ्हेचे असते. दाखल्यामागे त्याचा मराठी तर्जुमा एका कागदावर लिहून, मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेऊन लावला की चाचणीपुरते काम भागते. नावातला फरक मात्र निवड झाल्यानंतर त्रास देतो, कारण तेव्हा बँकेचा प्रश्न येतो.

बँकेचा कसा, ते सांगते. हा भाग माझ्या वर्गमित्रांनी लक्ष देऊन वाचावा. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९८६ चा. २०१६ साली तो दुरुस्त झाला तेव्हा बालकलाकारांना त्यात सूट मिळाली, पण शाळेचे नुकसान होता कामा नये या अटीवर. पुढे २०१७ साली नियमही दुरुस्त झाले, आणि ते वाचण्यासारखे आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. व्यावसायिक कार्यक्रम असेल तर निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी काढली पाहिजे. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस नेमलेला पाहिजे. मुलाला त्या कामातून जे उत्पन्न मिळेल त्याचे निदान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा झाले पाहिजेत. ते मूल सज्ञान झाल्यावर त्याला मिळतात. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला कामात घेता येत नाही.

मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या एकाही पालकाला हे माहीत नव्हते. हौशी संस्थेत पैशाचा प्रश्न सहसा येतच नाही. पण तिकीट लावून प्रयोग होणार असतील तर मानधन किती, ठेव कोणत्या बँकेत आणि परवानगीचा कागद कुठे, हे तीन प्रश्न एका कागदावर लिहून फाईलच्या शेवटी ठेवावेत. ते चाचणीच्या दिवशी विचारायचे नसतात. निवड झाल्याचा फोन आला की त्याच फोनवर विचारायचे. तो माणूस तेव्हा गोड बोलत असतो, हीच वेळ बरी.

त्याच शेवटच्या भागात मी आणखी एक पान घातले, हिशेबाचे. नाटकवाल्यांना ते दाखवायचे नाही. ते घरच्यांसाठी आहे. बेळगावहून कोल्हापूर साधारण एकशेदहा किलोमीटर. आठवड्याला दोन तालमी, तीन महिने, म्हणजे चोवीस फेऱ्या. जाऊन-येऊन पाच हजार किलोमीटरच्या वर झाले! दर फेरीला एक मोठे माणूस सोबत हवे, म्हणजे मावशीचा शिलाईकामाचा दिवस बुडाला, किंवा काकांची मागावरची पाळी. तालमीच्या तारखा आणि शाळेच्या सहामाही परीक्षेच्या तारखा मी शेजारी शेजारी लिहिल्या, तेव्हा चार ठिकाणी टक्कर निघाली. काका तो कागद बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी पोरीला हाक मारून विचारले, "तुला जायचं आहे काय गं? का आई म्हणते म्हणून?" ती म्हणाली, "जायचं आहे. पण परीक्षेच्या दिवशी नको." तिचे उत्तर मी त्याच कागदावर खाली लिहून ठेवले. चाचणीत "सगळ्या तालमींना येणार ना?" असे विचारले गेले, तेव्हा मावशीने न अडखळता चार तारखा सोडून सगळ्या, असे सांगितले. ते लोक नाराज झाले नाहीत. उलट आधीच तारखा मिळाल्या म्हणून त्यांनी लिहून घेतल्या.

परदेशात या बाबतीत किती काळजी घेतात याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. 'बिली इलियट' हे संगीत नाटक २००५ साली लंडनला आले तेव्हा बिलीची भूमिका तीन मुले आळीपाळीने करीत. न्यूयॉर्कच्या प्रयोगांतही तीन मुले होती, आणि २००९ चे टोनी पारितोषिक त्या तिघांना मिळून दिले गेले. एका मुलावर रोजचा भार पडू नये ही व्यवस्था आधीपासूनच आखलेली. आपल्याकडच्या संस्थेनेही दोन मुले तयार केली तर त्यात कमीपणा मानू नये, आणि पालकांनीही रुसू नये.

फाईल बांधण्याचे फारसे सांगण्यासारखे नाही. गणपत गल्लीत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात दोन भोकांची साधी फाईल मिळते, ती पुरते. गाण्याची पाने पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालू नयेत. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकतो आणि पेटीवाल्याला अक्षर दिसत नाही. जाड कागदावर, पाठकोरी, मोठ्या अक्षरात लिहावीत. मधेच पान उलटायला लागू नये. क्रम असा की पहिल्यांदा गाण्याची पाने, मग संवाद, मग माहितीपत्रक व फोटो, मग दाखले, सर्वांत शेवटी आपले प्रश्न आणि हिशेब. साथीदारांच्या प्रती वेगळ्या, सुट्या, दोन संच. प्रत्येक कागदामागे मुलाचे नाव. मूळ दाखले देऊन टाकू नयेत, झेरॉक्स द्यावी. सगळ्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा, पण त्याच्यावर विसंबू नये. जुन्या नाट्यगृहांच्या जाड भिंतींत पुष्कळदा रेंज नसते.

ही फाईल खोलीत कोणी न्यायची? पुष्कळ ठिकाणी पालकांना आत सोडत नाहीत. तेव्हा मुलालाच ती द्यायची सवय घरी करून घ्यावी. आम्ही आठ दिवस रोज एकदा तो खेळ खेळलो. मी पेटीवाले काका, मावसभाऊ तबलजी. आत यायचे, नमस्कार करायचा, गाण्याचे पान साथीदारांपुढे ठेवायचे, आणि सांगायचे: "काळी चार. केरवा. पहिल्या मात्रेपासून. एकच अंतरा." झाले. एवढी चार वाक्ये बोलता आली की मुलाच्या अंगात बळ येते, हे मी डोळ्यांनी पाहिले. फाईलचे बाकीचे कागद त्याला समजले नाहीत तरी बिघडत नाही.

निवड झाली किंवा नाही झाली, तरी गाण्याची पाने फेकू नयेत. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि त्या दिवसाची पट्टी लिहिलेली असावी, आणि दर सहा महिन्यांनी नवी नोंद करावी, खतावणीत करतो तशी. मुलग्यांच्या बाबतीत तर हे फारच गरजेचे आहे. बारा ते चौदाच्या दरम्यान त्यांचा आवाज फुटू लागतो, आणि तो एका दिवसात फुटत नाही. आधी वरचे स्वर जड होतात, मग पट्टी अर्ध्या-एका स्वराने घसरते. तोंडी सांगताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, घरचे लोक 'घसा बसलाय' म्हणून हळदीचे दूध देत राहतात आणि चढ्या पट्टीतच गायला लावतात. वहीत काळी पाच, मग पांढरी सहा, मग काळी चार अशी उतरंड दिसली की गाण्याच्या बाईंना दाखवावी. त्या मुलाला काही महिने वरचे गाणे बंद ठेवायला सांगतील, आणि तेवढे दिवस त्याला चाचणीला न नेता फक्त तालावर बसवावे.